१६०१ सालचं 'ओरिजिनल रेकॉर्डिंग' आणि आमची आत्या

रविवारी सकाळी साडेसातला सांगलीहून आत्याचा फोन. कसा आहेस वगैरे काही नाही, थेट, "पोरीला त्या राणीच्या आरत्या म्हणायला पाठवतोस होय रे?" मला काही कळेना. मग घरच्या ग्रुपवर पाहिलं, तर आठवडाभरात तीन ठिकाणांहून आलेला तोच ऑडिओ तिनेही टाकलेला, पुढे ढकलल्याच्या दुहेरी बाणासकट. खाली लांबलचक मजकूर. थोडक्यात असा: इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीसमोर १६०१ साली गायलेल्या स्तुतिगीताचं हे मूळ रेकॉर्डिंग आहे, ते व्हॅटिकनच्या तळघरात मेणाच्या तबकडीवर सापडलं. राणीने तेवीस संगीतकारांना धमकावून ही गाणी करून घेतली, नाही म्हणाले त्यांची मुंडकी उडवली. बायकांना गायला बंदी, म्हणून सगळे आवाज पुरुषांचे. 'मॅड्रिगल' (हे असं अनेक आवाजांत गायचं गाणं) म्हणजे मुळात आपला 'मद-राग'. आणि याच राणीने ईस्ट इंडिया कंपनी काढली, तेव्हा भारतीयांनी हे गाणं म्हणजे पारतंत्र्याला ओवाळणं.

माझी लेक पुण्यात एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात, गाते आणि डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांनी यातलंच एक गाणं घेतलंय. म्हणून हा खटाटोप. एरवी असलं काही मी उघडतही नाही.

आधी ती तबकडी. माणसाचा आवाज पहिल्यांदा कशावर तरी उमटला तो १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये, काजळी धरलेल्या कागदावर, आणि तोही तेव्हा ऐकता येत नव्हता. एडिसनचं बोलणारं यंत्र १८७७ चं. आपल्याकडे गायिका गौहर जान रेकॉर्डिंगच्या कर्ण्यापुढे उभी राहिली ती १९०२ मध्ये. १६०१ मध्ये राणीच्या दरबारात मेणाच्या मेणबत्त्या होत्या, तबकड्या नव्हत्या. बरं, ठेवल्या कुठे म्हणे, तर व्हॅटिकनमध्ये! या एलिझाबेथला पोपने १५७० मध्ये धर्माबाहेर काढलं होतं. तिच्या प्रजेने तिची आज्ञा पाळू नये, असं फर्मान काढणाऱ्या पोपच्या तळघरात तिच्याच 'चिरायू होवो'च्या गाण्यांचा साठा? फेकायची तर निदान शेजारचं घर बघून फेकावी.

हे सगळं सोडा. तो ऑडिओ हेडफोन लावून ऐका. एक आवाज डाव्या कानात, दुसरा उजव्या, जाड आवाजाचा गडी मधोमध. १६०१ मध्ये स्टिरिओ! मी माझ्याकडच्या सीडीशी ताडून पाहिलं. तो किंग्ज सिंगर्सचा तुकडा आहे. १९६८ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातून निघालेला हा सहा पुरुषांचा गट. त्यांनी हा अख्खा संच रेकॉर्ड केलाय आणि सीडी बाजारात मिळते.

आता या संचाबद्दल. नाव 'द ट्रायम्फ्स ऑफ ओरियाना'. थॉमस मॉर्ली या संगीतकाराने छापलेला, पाच आणि सहा आवाजांसाठीची पंचवीस मॅड्रिगल, तेवीस जणांनी रचलेली. तेवीस हा आकडा फॉरवर्डवाल्याने बरोबर दिलाय, तेवढं श्रेय देतो. जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटी मेंढपाळ आणि डायाना देवीच्या वनदेवता म्हणतात, 'लाँग लिव्ह फेअर ओरियाना', सुंदर ओरियाना चिरायू होवो. ओरियाना म्हणजे एलिझाबेथ असं परंपरेने मानतात. तिच्याऐवजी स्कॉटलंडच्या राजाची राणी अ‍ॅन मनात होती, असंही मांडलं गेलंय. एलिझाबेथ मानली तर त्या वर्षी ही 'सुंदर ओरियाना' अडुसष्टीला टेकलेली होती. असो.

धमकी? पुस्तक राणीला अर्पणसुद्धा केलेलं नाही. ते अर्पण केलंय अर्ल ऑफ नॉटिंगहॅम चार्ल्स हॉवर्ड याला, म्हणजे १५८८ मध्ये स्पेनच्या आरमाराशी लढलेल्या नौदलप्रमुखाला. घाट इटलीचा: व्हेनिसमध्ये १५९२ साली 'डोरी'च्या स्तुतीचा असाच संग्रह निघाला होता, प्रत्येक गाण्याअखेर 'सुंदर डोरी चिरायू होवो'. मॉर्लीने तो पाहिला आणि इंग्रजी करून टाकला. आणि मुंडकी? विल्यम बर्ड हा त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत मोठा संगीतकार, वर कॅथलिक. त्याचं एकही गाणं या संचात नाही. तो १६२३ पर्यंत जगला, मान जागेवर ठेवून.

हां, खुशामत होती. संगीत छापण्याचा मक्ता मॉर्लीला १५९८ मध्ये राणीकडूनच मिळाला होता, त्यामुळे तिचं गुणगान छापण्यात त्याचं काय जाणार होतं? हे कबूल.

बायकांच्या आवाजावर मात्र मला थांबावं लागतं, कारण आत्याचा खरा मुद्दा तोच होता: "तिथे बायकांना गाऊ देत नव्हते आणि आपली पोरगी तेच गाते." चर्चमध्ये वरच्या पट्टीत मुलगे गायचे, इथवर ठीक. पण मॅड्रिगल चर्चचं गाणं नव्हेच, ते घरातलं. याला मॉर्लीचीच साक्ष आहे. त्याच्या १५९७ च्या संगीतशिक्षणाच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक तरुण आपली फजिती सांगतो. जेवणं उरकली, रिवाजाप्रमाणे गाण्याच्या वह्या टेबलावर आल्या, आणि घरच्या मालकिणीने एक वही त्याच्या हातात देऊन गायचा आग्रह केला. याला येईना. सगळे चकित, आणि दोघेतिघे कुजबुजले की याला वाढवलं तरी कसं. मालकीण वही वाटते आणि पाहुण्याला गाता येत नाही म्हणून त्याचीच लाज निघते. यात बंदी कुठे दिसते? ऑडिओत सगळे पुरुष आहेत कारण तो गट पुरुषांचा आहे. ई फाजोलिनी या गटाने गायलेलं ऐका, वरचे आवाज चक्क बायकांचे आहेत.

'मद-राग'वर मी शाई घालवत नाही. शब्द इटालियन, चौदाव्या शतकापासूनचा.

राहिली कंपनी. सनद ३१ डिसेंबर १६०० ची, राणी हीच, पुस्तक पुढच्याच वर्षीचं. तारखा खऱ्या आहेत, नाकारत नाही. पण कंपनीचं पहिलं जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये, तेव्हा राणीला जाऊन पाच वर्षं झाली होती. आणि राजाचं नाव गाण्यात आलं म्हणून गाणं टाकायचं, तर मग 'महम्मदशा रंगीले' येणाऱ्या सदारंगच्या बंदिशींचं काय करायचं? त्यात तर मुघल बादशहा बसलाय. आत्या स्वतः दहा वर्षं गाणं शिकली आहे. त्या बंदिशी गाताना तिने दिल्लीला कधी मुजरा केल्याचं मला आठवत नाही.

लेकीच्या वाट्याला आलंय ते थॉमस वील्क्सचं सहा आवाजांचं गाणं. डोंगरावरून वेस्टा देवी उतरते तिथे सूर उतरतात. डायानाच्या सख्या 'टू बाय टू' पळतात तेव्हा दोनच आवाज, 'थ्री बाय थ्री'ला तीन, 'टुगेदर'ला सगळे एकदम, आणि त्यांची देवी 'ऑल अलोन' उरते तिथे एकटाच आवाज. लेक त्या एकट्या आवाजाला गेले तीन आठवडे अडतेय. शेजारी कुणी धरायला नसलं की सूर चढतो.

हे सगळं मी आत्याला फोनवर अर्धा तास ऐकवलं आणि वील्क्सचं गाणं पाठवलं. फॉरवर्ड तिने अजून ग्रुपवरून काढलेला नाही. तासाभराने फक्त एवढाच मेसेज आला: "तो शेवटचा जाड आवाजाचा बुवा 'लाँग' शब्द इतका का ताणतोय?"