सीलच्या पिल्लाचं रक्त दुधाळ का दिसतं?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: आधीच्या लेखात तुम्ही मेद अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून वाहतो म्हणता, मग दूध पिणाऱ्या पिल्लाचा प्लाझ्मा (रक्तपेशी वगळून उरणारा द्रव) पांढरट कसा? आणि एवढ्या मेदाने केशवाहिन्या तुंबत कशा नाहीत?

तो लेख उपाशी सीलबद्दल होता. पोट भरलेल्या पिल्लात मेदाची वाट निराळी असते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

हुडेड सीलचं पिल्लू जेमतेम चार दिवस दूध पितं. त्या दुधात सुमारे ६० टक्के मेद असतो, वजन रोज ७ किलोंच्या आसपास वाढतं. पचलेली मेदाम्लं आतड्याच्या पेशींत पुन्हा ट्रायग्लिसराइड (ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं) होतात, वर फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं आवरण चढतं. हे झाले कायलोमायक्रॉन. ते थेट यकृताकडे जात नाहीत. लसीकावाहिन्यांतून हृदयाजवळच्या शिरेत उतरतात. प्रकाश विखुरतात म्हणून प्लाझ्मा दुधाळ. मोठ्यातला मोठा कण साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे तांबड्या पेशीहून कितीतरी लहान, त्यामुळे तुंबण्याचा प्रश्न येत नाही. ब्लबरच्या, म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या थराच्या, केशवाहिन्यांच्या भिंतीवर लायपोप्रोटीन लायपेज हे विकर असतं. ते कण फोडतं, मेदाम्लं मेदपेशीत शिरतात आणि तिथे साठतात.

दूध सुटलं की वाहतूक उलटी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलची पिल्लं दोन-तीन महिने उपाशी राहतात. आता मेदपेशीच्या आतली लायपेजेस साठा फोडतात. ग्लिसरॉल पाण्यात विरघळतं, त्याला वाहक लागत नाही. लांब साखळीची मेदाम्लं मात्र जवळजवळ सगळी अल्ब्युमिनवर बसून जातात. यकृत त्यांतली काही पुन्हा ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएल या यकृतात बनणाऱ्या, कायलोमायक्रॉनहून लहान मेदकणांमध्ये भरतं, म्हणून उपाशी रक्तातही ट्रायग्लिसराइड शून्य नसतं.

म्हणून नमुना कधी घेतला हे आधी विचारा. दुधाळ प्लाझ्मा ४ अंश सेल्सिअसवर रात्रभर ठेवला की कायलोमायक्रॉन सायीसारखे वर येतात. व्हीएलडीएलमुळे आलेला गढूळपणा खाली तसाच राहतो. मुक्त मेदाम्लं, म्हणजे अल्ब्युमिनवर बसून जाणारी, मोजायची तर नळी लगेच बर्फात ठेवा, प्लाझ्मा लवकर वेगळा करून गोठवा. उशीर केलात तर नळीतच ट्रायग्लिसराइड फुटत राहतं आणि आकडा फुगतो. प्राण्याला हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) टोचून घेतलेला नमुना तर यासाठी बादच धरा: हेपरिनमुळे भिंतीवरचं लायपेज सुटून रक्तात येतं. त्या विकराचंच मोजमाप करायचं असेल तेव्हा मात्र हेपरिन मुद्दाम देतात.