पाच किलोचा प्रश्न

एनॅमल चढवलेलं बिडाचं भांडं घ्यायचं, हे एका रात्रीत ठरलं. कुठलं घ्यायचं, हे ठरायला अडीच महिने लागले. एकीकडे ल क्रूझेचं, फ्रेंच, नावाजलेलं. दुसरीकडे त्याच घाटाचं, जवळपास त्याच रंगाचं, पण किमतीत पहिल्याच्या पासंगालाही न पुरणारं.

"पण हे असतं तरी काय?" आईने विचारलं.

मी उत्साहाने सांगायला घेतलं. आत बिडाचं लोखंड, वर काचेचा थर. काचेची पूड लावून भट्टीत साडेसातशे-आठशे अंशांवर वितळवून बसवतात. त्यामुळे गंज नाही, तेल पाजत बसायला नको, टोमॅटो तासभर शिजवले तरी लोखंडाची चव उतरत नाही.

आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे लोखंडासारखं जड आणि काचेसारखं नाजूक. दोघांचे दुर्गुण एकत्र केले आणि वर पैसे घेतात होय?"

यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी वाचायला बसले. ल क्रूझे ही कंपनी 1925 साली दोन बेल्जियन माणसांनी उत्तर फ्रान्समध्ये काढली. एकाला ओतकाम येत होतं, दुसऱ्याला एनॅमल. नावाचा अर्थच मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं. त्यांचा तो पहिला नारिंगी रंग म्हणे मुशीतल्या रसरशीत लोखंडावरून घेतलेला. प्रत्येक भांडं वाळूच्या साच्यात ओततात आणि साचा फोडूनच ते बाहेर काढतात. हे वाचल्यावर मला महागडं भांडं जवळजवळ फुकट वाटायला लागलं. रात्री अकरानंतर वाचलेल्या गोष्टींचा हा दोष असतो.

मग 1974 साली निघालेल्या स्टाउब कंपनीच्या भांड्याने गोंधळ घातला. तेही फ्रेंच, पण आतून काळंभोर आणि खरखरीत. पदार्थ छान खमंग होतो म्हणतात, पण काळ्या बुडावर कांदा गुलाबी झाला की करपला, हे मला कळणार कसं? पांढऱ्या बुडावरही वासानेच कळतं, ही गोष्ट वेगळी.

शेवटी दुकानात ल क्रूझेचं आणि ते स्वस्तातलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. बोटाने टकटक केलं. दोन्ही सारखीच वाजली. मग अंगठा काठावरून फिरवला आणि तिथे फरक सापडला. महागड्याचा काठ कसा लोण्यासारखा, झाकण बसलं की हूं नाही की चूं नाही. स्वस्ताच्या काठावर मोहरीएवढी एक पुळी, कानाजवळ रंग जरा साचलेला. ते उचलायलाही जड. महागड्याची भिंत पातळ, म्हणून पाच लिटरचं भांडं झाकणासकट पाच किलोच्या आसपास आणि हे त्याहून किलोभर जास्त. शिवाय कान एवढेसे, की जाड हातमोजा घातला तर दोनच बोटं आत जावीत. आत रस्सा उकळत असताना दोन बोटांवर सहा किलो! पैसे कशाचे घेतात ते मला तिथे कळलं.

पण शिजण्याचं काय? बिडातून उष्णता रमतगमत जाते; ॲल्युमिनियम तिच्या चार-पाच पट चपळ. म्हणून मंद आचेवर धीराने तापवायचं. एकदा तापलं की बराच वेळ निवत नाही. आणि लोखंड तर दोघांचंही लोखंडच. रश्श्याला काठ कुठे दिसतो? मी स्वस्तातलं घेतलं.

घरी येऊन नियम वाचून दाखवले. रिकामं तापवायचं नाही. आच मोठी करायची नाही. तापलेल्यात गार पाणी ओतायचं नाही, काच आणि लोखंड एका मापाने आक्रसत नाहीत. तारेची घासणी नाही. स्टीलचा डाव तर मुळीच नाही.

"भांडं आणलंयस की जावई?" आई म्हणाली.

तीन आठवडे त्या जावयाची बडदास्त राखली. बुडाला तपकिरी डाग पडला तेव्हा सोड्याच्या पाण्याने आंघोळ घातली. आणि एका संध्याकाळी धुताना झाकण हातातून निसटून नळावर आपटलं. बाहेरच्या काठाचा मसुरीच्या डाळीएवढा टवका उडाला, आतलं काळं लोखंड उघडं पडलं. मी झाकण घेऊन खुर्चीत बसले. हेच महागडं असतं तर टवका केवढ्याला पडला असता, याचा हिशेब मनात सुरू झाला आणि आकडा आल्यावर बरंही वाटलं. तरी डोळ्यांत पाणी होतंच.

आईने झाकण माझ्या हातातून काढून घेतलं, पुसलं, टवक्यावर तेलाचं बोट फिरवलं. "गंजणार नाही आता. चल, ऊठ." मग तिने भांडं शेगडीवर चढवलं, कांदा टाकला आणि इतके दिवस ज्याकडे नुसती पाहत होती तो स्टीलचा डाव खिळ्यावरून काढला.

मी डोळे मिटून घेतले.