‘दुर्लक्षाला दिलेलं गोंडस नाव’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कंपन्यांच्या आवारात पर्यावरणपूरक लँडस्केप कसं करावं, या माझ्या लेखाखाली परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही. उत्तर लांबणार हे लिहायला बसल्यावर लगेच कळलं, म्हणून ते वेगळं देते आहे. प्रतिक्रिया जशीच्या तशी :

“हिरवळ उखडायची, रानगवत माजू द्यायचं आणि त्याला परिसंस्था म्हणायचं, हे दुर्लक्षाला दिलेलं गोंडस नाव आहे. तुम्ही लोक उद्घाटनाचे फोटो काढून निघून जाता. पाच वर्षांनी तिथे काय उरलं याचे आकडे कुणी देत नाही. बाहेर पक्ष्यांसाठी झुडपं आणि मागे आरशासारखी काच, यावर लेखात एक ओळ नाही. आणि 1 हेक्टर छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 25 हजार नव्हे, अडीच लाख लिटर पाणी होतं. शून्य मोजायला शिका.”

नमस्कार.

आधी शून्याचं. तुमचं बरोबर आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हेक्टरात 10 हजार चौरस मीटर, म्हणून 25 मिलिमीटरला अडीच लाख लिटर. माझ्याकडून एक शून्य गळलं. लेखात दुरुस्ती केली आहे आणि दुरुस्ती केल्याची नोंदही खाली टाकली आहे. आभार. पण त्याच परिच्छेदात पुढे, हे पाणी मुरवणाऱ्या 20 सेंटिमीटर खोलीच्या वाफ्यांना साडेबाराशे चौरस मीटर जागा लागेल असं लिहिलं आहे, आणि तो हिशोब अडीच लाखांवरूनच येतो. एवढं बारकाईने वाचणाऱ्या माणसाला ही टायपिंगची चूक आहे हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही. कळलं असूनही “शून्य मोजायला शिका” लिहिलंत. पावसाच्या पाण्याचा हा हिशोब मी एकोणीस वर्षं मांडते आहे, छतांचा, पार्किंगचा, उतारांचा. चूक दाखवायला एक वाक्य पुरत होतं. दुसरं मला खाली बघायला लावण्यासाठी होतं.

आता तुमचं पहिलं वाक्य. मला ते दोन दिवस सोडत नाहीये, आणि का ते सांगते.

मी या कामात पदवी घेऊन आले नाही, पदवी नंतर घेतली. आधी सहा वर्षं एका रोपवाटिकेत होते. पिशव्या भरणं, कलमं करणं, पाणी घालणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खुरपणी. त्यामुळे ‘देखभाल’ हा शब्द मी कागदावरून शिकलेले नाही. तो माझ्या गुडघ्यांत आहे. माझ्या कामाला तुम्ही कुरूप म्हणाला असतात, खर्चिक म्हणाला असतात, तर मी वाद घातला असता आणि झोपले असते. तुम्ही दुर्लक्ष म्हणालात.

फुलझाडांचं मिश्र गवताळ रान एखाद्या ऑफिसच्या आवारात उभं करायचं तर काय करावं लागतं, ते बघा. इमारत बांधताना त्या जमिनीवरून वर्ष-दोन वर्षं क्रेन आणि ट्रक फिरलेले असतात. वरची चांगली माती खरवडून कुठेतरी ढीग लावलेला असतो, आणि तो ढीग उंच असेल तर आतली माती हवेविना गुदमरलेली असते. खालची माती इतकी दबलेली असते की मूळ तिच्यात शिरत नाही आणि पाणीही मुरत नाही. ती आधी अर्धा मीटर खोलवर सैल करावी लागते. मग तणाच्या बियांचा साठा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मातीत वर्षानुवर्षं पडून असतो. म्हणून जमीन तयार करून, ओलवून, तण उगवू द्यायचं आणि फार न उकरता मारायचं, पुन्हा उगवू द्यायचं, पुन्हा मारायचं. हे सगळं झाल्यावर पेरणी येते.

पहिल्या वर्षी आपण पेरलेलं जवळपास काहीच दिसत नाही. बहुवर्षायू झाडं त्या वर्षी मुळं खाली पाठवत असतात. वर दिसतं ते तण. ते गुडघ्याला लागायच्या आत पंधरा-वीस सेंटिमीटरवर कापायचं, बी धरू द्यायचं नाही, आणि हे संपूर्ण हंगामात पुन्हा पुन्हा करायचं. दुसऱ्या वर्षी कापणी कमी होते आणि हातखुरपणी वाढते. तिसऱ्या वर्षी कुठे ती जागा ओळखू येते. त्यानंतरही वर्षातून एकदा कापणी असतेच आणि कापलेलं सगळं गोळा करून बाहेर न्यायचं असतं. ते जागेवर कुजलं तर माती सकस होते, आणि सकस मातीत दांडगी गवतं फुलझाडांना दाबून टाकतात. ही गोष्ट मी स्वतः एकदा चुकून शिकले आहे.

हिरवळीला काय लागतं? दर आठवड्याला एक यंत्र आणि ते ढकलणारा माणूस, खत, पाणी. त्या माणसाला एकही झाड ओळखता आलं नाही तरी चालतं. माझ्या वाफ्यात माळ्याला दोन पानांवर असलेलं रोप ओळखावं लागतं, कारण त्या वयात तण आणि पेरलेलं रोप सारखंच दिसतं. प्रत्येक कामासाठी मी कोवळ्या रोपांच्या फोटोंची वही करून देते, आणि पहिल्या हंगामात माळ्यांबरोबर स्वतः वाफ्यात बसते. दुर्लक्षाचा आळ नेमका त्यांच्यावर येतो, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. मी ते माझ्यापेक्षा त्यांच्या वतीने जास्त मनाला लावून घेतलं आहे.

आणि हिरवळ म्हणजेच निगा, हे तरी कुठून आलं? कंपनीची इमारत शहराबाहेर मोठ्या हिरवळीत ठेवायची रीत फार जुनी नाही. कनेक्टिकट जनरल ही अमेरिकन विमा कंपनी 1957 साली शहर सोडून ब्लूमफील्डच्या मोकळ्या जमिनीवर गेली. 1964 मध्ये इलिनॉयमधल्या मोलीनला डीअर कंपनीचं मुख्यालय उघडलं. वास्तुविशारद ईरो सारिनेनचा आराखडा होता, ते पूर्ण झालेलं बघायला तो हयात नव्हता. तिथली तळी, उतार आणि झाडी देखणी आहेत, मी ते नाकारत नाही. पण पुढे जगभर त्याची नक्कल झाली ती स्वस्तातली : उतार गेले, तळी गेली, झाडी गेली, राहिलं कापलेलं गवत. पन्नास-साठ वर्षं तेच बघून आपल्या डोळ्यांना सवय लागली की कापलेलं म्हणजे जपलेलं आणि वाढलेलं म्हणजे सोडून दिलेलं.

ही सवय मी हिशोबात धरते. जोन नासाउअर या अमेरिकन अभ्यासकाने 1995 साली मांडलं होतं की लोकांना रानवट जागा रुचायला हवी असेल तर तिला काळजीच्या खुणांची चौकट हवी : कडेने कापलेला पट्टा, साफ पायवाट, जरा खाली ठेवलेलं कुंपण. माझ्या प्रत्येक आराखड्यात वाटेकडेला एक मीटरचा कापलेला पट्टा असतो. मूळ लेखातल्या तिसऱ्या फोटोत तो स्वच्छ दिसतो. तुम्ही पाहिलात का?

एक प्रसंग सांगते, कारण त्या शब्दाने काय होतं ते त्याशिवाय कळणार नाही. एका मोठ्या आवारात, कंपनीचं नाव सांगणार नाही, आमच्या रानाचं दुसरं वर्ष चालू होतं. कळ्या धरल्या होत्या, फुलायला फार तर दोन आठवडे. वरून कुणी पाहुणे येणार होते. त्यांच्या आधी एका अधिकाऱ्याने खिडकीतून पाहिलं आणि कंत्राटदाराला फोन केला : तिथे दुर्लक्ष दिसतंय, साफ करा. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सगळं पाच सेंटिमीटरवर आलं होतं. मधमाश्या त्या जागेवर घिरट्या घालत होत्या. त्या वर्षी बी पडलं नाही, उघड्या पडलेल्या मातीत तण घुसलं, आणि दोन वर्षांचं काम एका सकाळी मागे गेलं. त्या अधिकाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्याकडे फक्त तुमचा शब्द होता. असे अधिकारी माझे लेख वाचतात, म्हणून मी लिहिते. उद्या त्यांच्यापैकी कुणी खाली तुमची प्रतिक्रिया वाचून पुन्हा असाच फोन केला, तर तुम्ही तिथे नसाल. कापलेलं उचलायला मी असेन.

“तुम्ही लोक” हेही खटकलं. कोण लोक? चार कुंड्या आणि एक फलक लावून जैवविविधतेचं नाव घेणारे आहेत, मलाही ठाऊक आहेत, त्यांच्याशी माझी भांडणं झालेली आहेत. झाडांची निवड करताना एका जातीची 10 टक्क्यांवर, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) 20 वर आणि एका कुळाची 30 वर जाऊ नयेत, हा अमेरिकन वृक्षतज्ज्ञ फ्रँक सांतामूरने 1990 मध्ये सांगितलेला साधा दंडक पाळला तर एका रोगाने अख्खं आवार उघडं पडत नाही. ते लोक तोही पाळत नाहीत, कारण एकाच जातीची रोपं घाऊक स्वस्त पडतात. मी पाळते. मला त्यांच्या ओळीत उभं करण्याआधी तुम्ही माझं एखादं आवार बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पाच वर्षांनंतरच्या आकड्यांचं म्हणाल, तर आमचा करार बहुतेक दोन वर्षांत संपतो आणि त्यानंतर फाटकातून आत जायलाही परवानगी लागते. एका आवारात मी अजून दर वर्षी जाते, तिथलं रान उभं आहे आणि उत्तम आहे. एवढं पुरे. शिवाय या गोष्टी टिकतात का, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींनी निप्पॉन स्टीलच्या जपानमधल्या ओइता इथल्या कारखान्यात 1970च्या दशकाच्या सुरुवातीला लावलेलं जंगल पन्नास वर्षांनीही उदाहरण म्हणून दाखवलं जातं. वास्तुविशारद विल्यम मॅकडोनो यांच्या पुढाकाराने अमेरिकेत डिअरबॉर्नला फोर्डच्या रूज कारखान्याच्या छतावर 2003 च्या सुमारास सुमारे 10 एकर सेडम ही जाड पानांची बुटकी वनस्पती लावली गेली, पावसाचं पाणी धरून ठेवायला. दोन्ही ठिकाणी उद्योगच होते, फोटो तिथेही काढले गेले.

काच हा वास्तुविशारदाचा प्रांत आहे. काचेवर आपटून एकट्या अमेरिकेत वर्षाला साडेछत्तीस ते जवळपास 99 कोटी पक्षी मरतात असा 2014 चा अंदाज आहे, काचेवर 5 सेंटिमीटर अंतराने ठिपके असले तर बरेच पक्षी वाचतात, आणि टोरोंटोने 2010 पासून नव्या इमारतींच्या निकषांत पक्ष्यांचा विचार आणला आहे, हे मला माहीत आहे. माझा लेख जमिनीबद्दल होता. एका लेखात सगळं येत नाही.

डासांबद्दल तुम्ही काही म्हणालेला नाहीत, पण तुमच्या प्रतिक्रियेखाली लिहिणाऱ्या दोघांनी तुमच्या सुरात सूर मिसळून विचारलं आहे म्हणून सांगते : पावसाचं पाणी मुरवायला नीट केलेला खोलगट वाफा 24 ते 48 तासांत कोरडा होतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी त्याहून जास्त साचत असेल तर वाफा चुकीचा बांधला आहे, तो खणून पुन्हा करायला हवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तिथेच राहील. पण रानगवत माजलेलं तुम्ही पाहिलंच असेल, तर ते कुठल्या प्रकारच्या आवारात, पेरणीच्या कितव्या वर्षी, आणि शेवटची कापणी होऊन किती दिवस झाले असताना पाहिलंत, एवढं लिहा. कडेला कापलेला पट्टा होता का, तेही लिहा. पहिलं वर्ष असेल तर दिसलं ते तणच होतं, आणि ते कापायला त्या दिवशी कुणी का आलं नव्हतं हे मलाही त्यांना विचारायचं आहे.