डोहाळजेवणाचा झोपाळा आणि मेल्यातली नाव

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चार जणांनी टाकला. सार असं : "गर्भारपणात जत्रेतल्या झुल्यात बसू नये हा निव्वळ बागुलबुवा. बाळ पाण्यात तरंगतं, त्याला धक्का कळतही नाही. पाट्या लावतात त्या झुलेवाले आपली कातडी वाचवायला. आपल्या आज्या नवव्या महिन्यापर्यंत बैलगाडीतून हिंडल्या. आणि डोहाळजेवणात आपणच झोपाळ्यावर बसवतो की!" वहिनीला सहावा लागलाय. तिने लगेच उत्तर टाकलं, "मग यंदा मेल्यात नावेत बसायचं!" (नाव म्हणजे होडीच्या आकाराचा तो मोठा, मागे-पुढे हेलकावणारा झुला. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या या जत्रेला आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक 'मेळा' नाही, 'मेला'च म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांनी खुशाल हसावं.)

झोपाळ्यापासूनच सुरू करते, कारण सगळे तिथेच गारद झालेत. डोहाळजेवणाचा झोपाळा हलतो किती? फोटोपुरता. फार तर दहा अंश. तेवढ्यात ५५ किलोच्या बाईचं वजन खालच्या टोकाला दीड-दोन किलोने वाढल्यासारखं होतं, बस्स. मेल्यातली नाव साठ अंशांवर गेली, तर तळातून जाताना तीच बाई साधारण ११० किलोची होते, वर पोचली की निम्म्या वजनाची, जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस किलोची, आणि दर काही सेकंदांनी हे पुन्हा. डोहाळजेवणात नावेतही बसवतात म्हणे. हो, पुठ्ठ्याच्या.

आता ते पाणी. गर्भजल बाळाला सांभाळतं हे खरंच आहे, पण मेसेज तिथेच थांबतो. बाळ ज्यावर जगतं ती वार पाण्यात तरंगत नाही, ती गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते. भिंत स्नायूची, ताणली जाणारी. वार तेवढी लवचीक नाही. एकदम वेग थांबला की भिंत एकीकडे खेचली जाते, वार तिच्याबरोबर वाकत नाही, आणि मधला जोड सुटू शकतो. डॉक्टरांना हे गाडीच्या अपघातांवरून ठाऊक आहे : पोटावर मार नसतानाही वार सुटल्याचं दिसतं, कधी रक्त आतच साठतं आणि बाहेर थेंबही येत नाही. गर्भवतींना झुल्यात बसवून प्रयोग करायला कोणी धजणार नाही, तेव्हा नेमका किती धोका हे आकड्यात मागू नका.

शिवाय मेल्यातली नाव कशी थांबते ते एकदा जवळ उभं राहून बघा. खाली एक टायर असतो, पोरगा दांडा ओढतो, टायर नावेच्या बुडाला घासतो आणि कचकन झटका बसतो. एका बाकावर तिघी-चौघी, सगळ्यांच्या मांडीवर मिळून एकच लोखंडी दांडी. ती सगळ्यात जाड्या माणसापाशी अडते. पोट पुढे आलेल्या बाईला ती नेमकी पोटावरच येणार. मोटारीचा पट्टा आपण मुद्दाम पोटाच्या खालून, जांघेवरून घेतो. इथे तशी सोयच नाही.

पाटीबद्दल : हो, कातडी वाचवायलाच लावतात. म्हणून तिच्यावर लिहिलेलं खोटं होत नाही.

बैलगाडीचं काय? माझ्या पणजीची अकरा बाळंतपणं, जगली सहा. त्याचं खापर मी बैलगाडीवर फोडत नाही. पण 'आज्यांना काही झालं नाही' म्हणायला हिशोब ठेवला होता कोणी? आणि बैलगाडी कधी उलटसुलट गरगरली नाही. गर्भारपणात रक्तवाहिन्या सैलावतात, उठता-बसताही घेरी येते. 'ब्रेकडान्स' नावाच्या गरगर फिरणाऱ्या झुल्यातून उतरताना त्या लोखंडी पायऱ्यांवर धडधाकट माणूस भेलकांडतो, तिथे पोटुशी बाई पडली तर?

मेसेजमध्ये नसलेली एक उलट गोष्ट मात्र सांगायला हवी. आमच्या शेजारची एक मुलगी दिवस गेल्याचं कळायच्या आधी झुल्यात बसली होती. पुढे गर्भ राहिला नाही, आणि सासूने वर्षभर त्या झुल्याचं नाव काढलं. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. नकळत बसलात तर स्वतःला कोसत बसू नका, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा, झालं.

पण पाच-सहा महिने उलटल्यावर कोणी बसलीच, आणि नंतर रक्त दिसलं, पोट दगडासारखं घट्ट झालं, दुखू लागलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघू नये. त्याच रात्री दवाखान्यात जावं, आणि 'झुल्यात बसले होते' हे लाजेने लपवू नये. तिथे काही तास बाळाचे ठोके बघत ठेवून घेतील. घेऊ द्यावं.

वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाली, "बरं बाई, नाव नाही. पण सॉफ्टी दोन!"