पोट टिकवायचंय? मग आधी स्टेम सेलला खूश ठेवा

पोट कमी करा म्हणणारे गल्लोगल्ली सापडतात, पण आहे ते पोट टिकवायचं कसं यावर कोणी दोन ओळी लिहायला तयार नाही. इतक्या वर्षांच्या जेवणावळींतून उभी राहिलेली इस्टेट आहे राव, तिची काही निगा नको? म्हणून हे लिहितोय. आणि पहिली गोष्ट, हे सगळं आपण केलं असा गर्व अजिबात नको, आपण फक्त खाल्लं, बांधकाम करणारे वेगळेच आहेत.

चरबीच्या थरात बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून स्टेम सेल, म्हणजे अजून कुठलं ठराविक काम न पत्करलेल्या मूळ पेशी, बसलेल्या असतात. स्वभावाने एकदम काटकसरी. ग्लुकोज घेतात, ऑक्सिजनच्या फार नादी न लागता अर्धवटच वापरतात, त्यातून एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी (पेशीतली ऊर्जेची सुटी नाणी म्हणा) सुटतात (पूर्ण जाळलं असतं तर ३० च्या आसपास मिळाले असते) आणि बऱ्यापैकी त्यातच भागवतात. म्हणजे अख्ख्या शरीराचं गोदाम ज्यांनी बांधायचं त्यांच्या स्वतःच्या घरात साठा जवळपास नाहीच. आणि गोदाम काय साधं असतं का, लिव्हर आणि स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, सगळं मिळून अर्ध्या किलोच्या आसपास, २००० कॅलरी, म्हणजे एका दिवसात खलास, आणि १५ किलो चरबी म्हणजे लाखाच्या वर कॅलरी. आता सांगा बँकेत ठेवावं की अंगावर.

तर या स्टेम सेलला कामाला कसं लावायचं? लॅबवाल्यांनी रेसिपी कधीच शोधून ठेवलीय, आपण फक्त घरी करायची. लॅबमध्ये डिशमध्ये पेशी वाढवतात, चांगली दाटी झाली की ग्लुकोजच्या पाण्यात मुख्य तीन गोष्टी घालतात, इन्सुलिन, डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड आणि आयबीएमएक्स नावाची एक पावडर. दोन-तीन आठवड्यांत पेशीच्या आत तेलाचे थेंब चमकायला लागतात, मग त्यावर लाल रंग टाकून फोटो काढतात, फार सुंदर दिसतं. आता घरचा हिशोब बघा. इन्सुलिन विकत आणायची गरज नाही, दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकत राहिलं की ते आपोआप वर राहतं, त्यामुळे नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये "थोडंसं काहीतरी" आणि जेवण आणि चहा यांच्यामध्ये "नुसतंच चिवडा" हे सोडू नका. उपवास करत असाल तर एकादशी दुप्पट खाशी ही परंपरा आहेच, साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन प्लेट आणि वर बटाट्याचा पापड, इन्सुलिनची काळजी मिटली. डेक्सामेथासोन हे आपल्या अंगात ताण आला की वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या हार्मोनचं कारखान्यात बनवलेलं, कितीतरी जास्त ताकदीचं भावंड, तेवढी ताकद आपल्याला जमणार नाही पण प्रयत्न करायला काय हरकत आहे, रात्री साडेबाराला ऑफिसचा ग्रुप उघडा, ईएमआयचा मेसेज वाचा, मग झोप येत नाही म्हणून पुन्हा ग्रुप उघडा. राहिलं आयबीएमएक्स. ते कॅफीनच्या खानदानातलं आहे हे खरं, पण एकट्या कॅफीनच्या हातून हे काम होत नाही, म्हणून तर आपल्या पूर्वजांनी चहात साखर घातली.

एवढं केलं की पेशीच्या आत पीपीएआर गॅमा नावाचा स्विच पडतो आणि स्टेम सेलची चरबीची पेशी होते. मग त्या पेशीत एकच मोठा तेलाचा थेंब, आणि बिचारं केंद्रक कोपऱ्यात ढकललेलं, लग्नाच्या हॉलमधल्या नवरदेवाच्या काकांसारखं.

सुरुवात मात्र लहानपणापासून केलेली बरी. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते, आणि नंतर साधारण तेवढीच राहते. पेशीचं वय त्यांनी मोजलं कशावरून, तर १९५० आणि ६० च्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेत जो जादा कार्बन-१४ (कार्बनचाच किरणोत्सारी प्रकार) पसरला तो आपल्या डीएनएमध्ये जाऊन बसलाय त्यावरून! अमेरिका आणि रशियाचं भांडण आणि हिशोब निघाला आपल्या पोटाचा. तर दरवर्षी यातल्या १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, स्टेम सेलकडे सुट्टी हा प्रकार नाही. वजन कमी केलं तरी पेशी बारीक होतात, संख्येने कमी होत नाहीत, बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायची सर्जरी केलेल्या लोकांमध्ये २ वर्षांनी मोजलं तरी आकडा तोच. म्हणून नातवाला "खा रे बाळा, वाढीचं वय आहे" म्हणणाऱ्या आजीला कधीही अडवू नका, तिचं बरोबर आहे, वाढीचंच वय आहे.

आता जे सडपातळ वाचक इथपर्यंत हसत आलेत त्यांच्यासाठी. तुम्ही काळजी करू नका, तुमच्यासाठीपण सोय आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अगदी सारखा, दोघेही बघायला बारीक. अंगातली चरबी, युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. आपण कपड्यातून बारीक आणि आतून भरलेले, ही आपली जुनी पद्धत आहे, पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मतानाच सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण हडकुळ्या बाळांनी स्नायूत कपात केली, चरबी मात्र राखून ठेवली.

आणि इथे खरी गंमत आहे. नवी पेशी तयार होणं हे वाईट नसतंच. कातडीखाली स्टेम सेल भराभर नव्या लहान लहान पेशी बनवत असतील तर तेल तिथे गुपचूप बसतं, कोणाला त्रास देत नाही. त्या कमी पडल्या की जुन्याच पेशी फुगतात, त्यांनाही पेलेना झालं की तेल बाहेर सांडतं आणि लिव्हरमध्ये, स्नायूत, आतड्याभोवती जाऊन बसतं, दक्षिण आशियातल्या लोकांना कमी वजनातच डायबेटीस का गाठतो याचं एक स्पष्टीकरण हेच देतात. पायोग्लिटाझोन नावाची डायबेटीसची गोळी तोच पीपीएआर गॅमाचा स्विच दाबते, वजन वाढतं आणि शुगर उतरते, कारण तेल लिव्हरमधून निघून कातडीखाली आपल्या जागेवर येतं. तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाड माणसाला सल्ला देणाऱ्या बारीक माणसाने तो सल्ला जरूर द्यावा, स्वतःच्या लिव्हरची सोनोग्राफी मात्र चुकूनही करू नये, उगाच ग्रुपमधली इज्जत जायची.

पोट भरलं की हाडांकडे वळा. हाडाच्या आतल्या मज्जेत पण अशाच स्टेम सेल असतात, त्यांना दोन रस्ते, हाड बनवणारी पेशी व्हायचं नाहीतर चरबीची. हाडावर भार पडला की त्या हाडाकडे झुकतात, म्हणून लिफ्ट सोडू नका, पहिल्या मजल्यालासुद्धा. दिवसभर खुर्चीत, संध्याकाळी सोफ्यावर. वाढतं वय त्यांना चरबीकडे ढकलायचं काम करतंच, आपण फक्त मध्ये यायचं नाही. आणि हे सगळं नको असेल, घाई असेल, तर सरळ उपाशी राहा, महिनोन्महिने. खूप उपासमारीत अंगावरची चरबी उतरते आणि हाडाच्या मज्जेतली चक्क वाढते! म्हणजे क्रॅश डाएटवाल्यांनाही हाडात फॅट जमवायचा मान मिळू शकतो, फक्त आरशात दिसणार नाही.

शेवटी एवढी मेहनत केल्यावर ती विकून पैसे करायचे असतील, सॉरी, विकत घ्यायची असेल, तर क्लिनिक आहेत. लायपोसक्शनमध्ये काढलेल्या चरबीतून स्टेम सेल मिळतात हे २००१ मध्येच दाखवलंय, ते खरंच आहे. तेव्हापासून पोटातली चरबी काढून गुडघ्यात, चेहऱ्यावर, टकलावर, कुठेही टोचून देतो म्हणणारे निघालेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांत मज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधनातच आहे, फक्त ट्रायलमध्येच करायचं असं लिहिलंय, पण ते सरकारी पीडीएफ आहे, लांबलचक, कशाला वाचताय. स्टेम सेल बूस्टर म्हणून डबे मिळतात तेही घ्या, कुठली स्टेम सेल बूस्ट होणार, हाडाची की पोटाची, असलं खवचट काही विचारू नका. आणि क्लिनिकमध्ये फॉर्मवर सही करताना ही ट्रायल आहे का असंही विचारायचं नाही, कारण ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत, आणि फुकट म्हटल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.