ताई, ८.१ वर नका भांडू

एका ताईंनी लिहिलंय: 'घरी बाबांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.६ होतं. केअर सेंटरमध्ये गेल्यावर ८.१ झालं. तिथल्या डॉक्टरांनी साखरेची गोळी अर्धी केली, गणपतीत मोदक दिले, साखरेची वही दाखवायला मात्र टाळाटाळ. आणि तुम्ही असल्या लोकांना पाठीशी घालता!' ताई, ८.१ पुरतं तरी घालतोच.

बाबा ८४ वर्षांचे, डिमेन्शिया, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंदावलेली, हे तुम्हीच लिहिलंय. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी आणि इन्सुलिन दोन्ही चालू असताना अशा माणसाचं ६.६ मला जास्त धास्तीचं वाटतं. किडनी मंदावली की गोळीचा असर रेंगाळतो. साखर ७० च्या खाली गेली की तरुण माणसाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. म्हातारपणी बरेचदा नुसती ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. घरचे म्हणतात, आज बाबा जरा जास्तच विसरताहेत. मग बाथरूममध्ये पडणं, खुब्याचं हाड, ऑपरेशन.

अमेरिका-कॅनडातल्या 'अकॉर्ड' अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्यासाठी कसून उपचार केलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८ मध्ये ते उपचार मधेच थांबवावे लागले. ती माणसं तर बाबांपेक्षा सरासरी वीसेक वर्षांनी लहान होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही खूप थकलेल्या रुग्णांत एचबीएवनसीच्या आकड्यामागे लागू नका म्हणते. साखर फार उतरू नये आणि फार वाढून त्रास होऊ नये, एवढं बघा म्हणते. ८.१ म्हणजे सरासरी १८५ च्या आसपास. चालेल.

मोदकाचं म्हणाल तर एक मोदक आणि त्या वेळी भात कमी, इतकंच. इन्सुलिन टोचून झाल्यावर बाबांनी ताट सरकवलं तर मला खरी भीती वाटते.

वहीचा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. ती बघायला मिळालीच पाहिजे. आणखीही विचारा. इन्सुलिन ताट समोर आल्यावर देतात की सोयीने सगळ्यांना एकदम? रात्रपाळीच्या मावशींना ग्लुकोज पावडर कुठे ठेवलीय ते माहीत आहे का? आणि सिरिंज बघाच. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० आणि १०० युनिटची, दोन्ही इन्सुलिनं मिळतात. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. नातेवाईक वेगवेगळ्या दुकानांतून बाटल्या आणून देतात, तिथेच घोळ होतो. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं, की डोस अडीचपट. यावर खुशाल भांडा, मी तुमच्या बाजूने.

वही हातात आली की आधी ७० च्या खालचे आकडे शोधा, तारीख-वेळेसकट फोटो काढा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा. उरलेली अर्धी गोळी तरी लागते का, तेही त्यांनाच विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.