भाकर कुत्र्याच्या आतड्यात सडत नाही

पोळ्याच्या आधीपासून आमच्या भागात मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. भाकर-पोळी त्याला पचत नाही, ती आतड्यात सडते आणि चांगले जिवाणू मारते. म्हणून धान्य बंद करा आणि फक्त कच्चं मांस घाला. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की मांसातला कोणताच जंतू टिकत नाही. खाणं एका दिवसात बदललं तरी चालतं. सुरुवातीला हगवण लागते ते पोटातलं विष बाहेर पडणं असतं. हगवण थांबलीच नाही तर मेट्रोनिडाझोलची गोळी द्या आणि वरून ताक पाजा, जिवाणू परत येतात.

माझी उभी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या वावरातले काका आपलं जागलीचं कुत्रं घेऊन आले. रानडुकरं आणि रोह्यांपासून पऱ्हाटी राखणारं, सहा वर्षांचं, कधी आजारी न पडलेलं. काकांच्या मुलानं तो मजकूर वाचून भाकर बंद केली, बाजाराच्या दिवशी कोंबडीच्या दुकानातून आतडी-पोटं आणून तशीच घातली. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखी हगवण. काका म्हणाले, "काऊन गा, माह्या बापाच्या काळापासून कुत्रे भाकरच खात आले. तवा नाही सडली, आता काऊन सडून राह्यली?"

काकांचा प्रश्न बरोबर आहे. मजकुरातलं एकेक विधान घेऊन त्याचं उत्तर देतो.

लांडग्याशी कुत्र्याचं नातं आहे, यात वाद नाही. पण माणसाजवळ राहून हजारो वर्षांत कुत्र्याचं पोट बदललं. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं शेजारी ठेवून तपासली. पिठूळ पदार्थ फोडणारा अमायलेज नावाचा पाचक रस स्वादुपिंडात तयार होतो. त्याच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती निघाल्या, कुत्र्यांत ४ ते ३०. कुत्र्याच्या स्वादुपिंडात ते जनुक लांडग्याच्या तुलनेत २८ पट जोरात काम करताना दिसलं. माणसाच्या शेती-वस्तीजवळचं खरकटं खात कुत्रा धान्याला सरावला, त्याची ही खूण. काकांच्या वडिलांची कुत्री भाकरीवर जगली ती काही नशिबानं नव्हे.

आता "सडते" या शब्दाकडे येतो, कारण सगळ्या मजकुराचं बूड तिथं आहे. शिजवलेल्या धान्यातला पिठूळ भाग लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचतो. जिवाणूंची खरी दाटी मोठ्या आतड्यात असते, तिथपर्यंत भाकरीतला थोडाच भाग पोचतो: कोंड्याचा तंतू आणि गार झालेल्या भाकरीतला न पचलेला थोडा पिठूळ अंश. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं इंधन आहे. म्हणजे भाकरीच्या उरलेल्या अंशावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं.

सडण्याची जी क्रिया आपण नाकानं ओळखतो, ती न पचलेल्या प्रथिनांची असते. गरजेपेक्षा जास्त मांस, त्यातही कूर्चा, कातडं, आतडी असं पचायला जड मांस मोठ्या आतड्यात पोचलं की जिवाणू त्यातून अमोनिया, इंडोल, फिनॉल आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. मजकुरानं भाकरीवर ठेवलेला आरोप त्या मजकुरानंच सुचवलेल्या खाण्याला जास्त लागू होतो.

खाण्यानं आतड्यातले जिवाणू बदलतात, एवढं मात्र मजकुरात खरं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६४ कुत्र्यांना, निम्मे बीगल आणि निम्मे रिट्रीव्हर, आधी एकच आहार दिला, मग काहींना जास्त प्रथिनांचा आणि कमी कर्बोदकांचा आहार सुरू केला. जिवाणूंचं प्रमाण बदललं, आणि लठ्ठ कुत्र्यांत ते जास्त बदललं. कच्च्या मांसावरच्या कुत्र्यांत फ्युझोबॅक्टेरिया हा गट वाढलेला दिसतो. कुत्र्यात तो गट निरोगीपणाशी जोडलेला आहे, हेही मान्य. पण त्याच कुत्र्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि ई. कोलाय हे पोट बिघडवू शकणारे जिवाणूही वाढलेले अनेकदा सापडतात, आणि तंतू आंबवणारे जिवाणू कमी होतात. बदल झाला म्हणजे सुधारणाच झाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. नुसत्या भाकरीवर कुत्रं नीट पोसलं जात नाही. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या मानकांप्रमाणे कोरड्या वजनावर मोजलं तर प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या खाण्यात २२.५ टक्के प्रथिनं हवीत. ज्वारीत ती १० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी. आपल्याकडची बरगड्या दिसणारी, केस झडलेली कुत्री मी आयुष्यभर पाहिली. त्यांच्यात कमतरता असते ती प्रथिनांची, खनिजांची, आणि पोटात जंत भरलेले असतात. दोष भाकरीचा नाही, भाकरीसोबत काही न मिळण्याचा आहे. तुरीचं वरण घाला, उकडलेलं अंडं घाला, जमेल तेव्हा शिजवलेलं मांस हाडं काढून घाला. वरण मात्र फोडणी देण्याआधी काढून ठेवा, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि शिजवल्यानं तो अपाय जात नाही. मटणाचा उरलेला रस्सा म्हणूनच नको. घरचं सोयाबीन चांगलं शिजवूनच घाला. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो.

आम्लाच्या दाव्याला उत्तर द्यायला कॅनडातला २००७ सालचा एक अभ्यास पुरेसा आहे. १६ कुत्र्यांना साल्मोनेला हा हगवण लावणारा जंतू असलेलं कच्चं मांस खाऊ घातलं. त्यातल्या ७ जणांच्या विष्ठेत पुढच्या आठवडाभरात साल्मोनेला निघाला. आम्लातून तो जिवंत पार झाला. त्यातलं एकही कुत्रं आजारी पडलं नाही, आणि लोक नेमके इथंच फसतात. कुत्रं ठणठणीत दिसतं, पण ते अंगणात हागतं आणि त्याच अंगणात लेकरं रांगतात.

आपल्या गावांत तर याहून मोठी भीती आहे. करीच्या दिवशी गावात बकरे कापले जातात आणि काळीज-फुप्फुसाचा नको असलेला भाग कुत्र्यांपुढे टाकला जातो. त्या काळजात कधी कधी पाण्यानं भरलेल्या पांढुरक्या पिशव्या असतात. ती हायडेटिडची गाठ, एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची पिल्लावस्था. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की काही आठवड्यांत त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात आणि विष्ठेतून अंडी पडू लागतात. कुत्र्याला काहीच होत नाही. ती अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. "कच्चं मांस घाला" हे वाक्य वाचून मला राग आला तो याच्यामुळे. असं काळीज खोल खड्ड्यात पुरा, किंवा अर्धा-पाऊण तास चांगलं उकळल्याशिवाय कुत्र्याला देऊ नका. प्राझिक्वान्टेल या पट्टकृमीवरच्या औषधाचा डोस डॉक्टरांना विचारून ठरलेल्या वेळी द्या.

हगवण म्हणजे विष बाहेर पडणं, हे तर निखालस खोटं आहे. आतड्यातले जिवाणू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. खाणं एका दिवसात उलटलं की न पचलेला माल मोठ्या आतड्यात जातो, पाणी ओढून घेतो आणि कुत्रं पातळ हागतं. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत ७ ते १० दिवसांत बदलावं.

गोळीबद्दलही सांगतो. २०२० साली टेक्सासच्या संशोधकांनी निरोगी कुत्र्यांना १४ दिवस मेट्रोनिडाझोल दिलं. फ्युझोबॅक्टेरिया आणि पित्ताम्लांवर काम करणारे उपयोगी जिवाणू घटले, आणि गोळी बंद करून चार आठवडे झाले तरी सगळं पूर्वपदावर आलं नव्हतं. जो मजकूर भाकरीवर जिवाणू मारल्याचा आळ घेतो, तोच जिवाणू मारणारी गोळी सुचवतो. साधी हगवण बहुतेक वेळा गोळीशिवाय दोन-चार दिवसांत थांबते. रक्त पडत असेल, उलट्या होत असतील, किंवा लस न दिलेलं पिल्लू असेल तर तो पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा रोग, असू शकतो. तिथं ताक नको नि गोळी नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ताकाचं थोडक्यात. कुत्र्याला खीर पचत नाही म्हणतात त्यात तथ्य आहे, मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट फोडता येत नाही. ताकात ती कमी असते, म्हणून बिनमिठाचं वाटीभर ताक बहुतेकांना सोसतं. पण विरजणातले जिवाणू आतड्यात घर करत नाहीत, वाटेनं निघून जातात.

काकांच्या कुत्र्याला गोळी दिली नाही. भरपूर पाणी, मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, थोडे थोडे करून दिवसातून चारदा. तिसऱ्या दिवशी ते घट्ट हागलं. मग भातात भाकर कुस्करून मिसळायला सुरुवात केली. परवा काका जागलीला निघाले तेव्हा धुऱ्यावर भेटले. डब्यात कुत्र्याची भाकर होती, बिनफोडणीचं वरण होतं आणि एक उकडलेलं अंडं होतं.